मालकी सोडली की भांडण सुटते का?

जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या शेजारीच संत फ्रान्सिस असिसी यांच्या नावाचे चर्च आहे. आजची इमारत १६६१ ची. आत शिरले की सोन्याच्या मुलाम्याने मढवलेली मुख्य वेदी समोर येते. वेदीवर क्रुसावरचा येशू आणि त्याच्याजवळ फ्रान्सिस अशा दोन मोठ्या मूर्ती आहेत. त्यांच्या पायाशी तीन व्रतांची नावे कोरली आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. नाण्याला हातसुद्धा लावू नका, असे आपल्या सोबत्यांना बजावणाऱ्या माणसाचे व्रत सोन्याच्या वेदीखाली कोरलेले पाहून कोणालाही प्रश्न पडावा.

हा प्रश्न गोव्यापुरता नाही. आपल्याकडेही आयुष्यभर भिक्षा मागून राहिलेल्या साधूच्या समाधीवर पुढे सोन्याचा कळस चढतोच. ‘माणसे ढोंगी असतात’ हे त्यावरचे सोपे उत्तर. पण त्या उत्तराने दारिद्र्याचे व्रत कशासाठी होते, त्याने काय साधत होते आणि ते नेमके कुठे मोडले, यातले काहीच कळत नाही. ते कळायचे तर आठशे वर्षांपूर्वीच्या असिसीला जावे लागते.

भांडखोर गावातला मुलगा

फ्रान्सिसचा जन्म ११८१ किंवा ११८२ मधला. असिसी हे मध्य इटलीत डोंगरउतारावर वसलेले गाव. वडील पिएत्रो दी बर्नार्दोने कापडाचे मोठे व्यापारी होते आणि मालासाठी फ्रान्सपर्यंत जात. त्या काळात गावात व्यापाराचा नवा पैसा खेळू लागला होता. व्यापारी आणि कारागीर जुन्या सरदारांना जुमानेनासे झाले होते. ११९८ मध्ये गावकऱ्यांनी डोंगरमाथ्यावरचा किल्ला पाडला आणि मग सरदारांच्या वाड्यांकडे मोर्चा वळवला. पळालेल्या सरदारांना शेजारच्या पेरुजा नगराने आसरा दिला. गावातले भांडण अशा रीतीने दोन नगरांचे युद्ध झाले. १२०२ च्या लढाईत विशीतला फ्रान्सिस असिसीकडून लढला, पकडला गेला आणि सुमारे वर्षभर पेरुजाच्या तुरुंगात राहिला.

सुटल्यावर तो पुन्हा एकदा चिलखत चढवून दक्षिण इटलीतल्या मोहिमेवर निघाला, पण वाटेत स्पोलेतोहूनच परतला. नंतरचा बदल एका दिवसात झाला नाही. आयुष्याच्या शेवटी सांगून ठेवलेल्या इच्छापत्रात त्याने बदलाची सुरुवात कुष्ठरोग्यांपासून झाल्याचे म्हटले आहे. ज्यांच्याकडे पाहायलाही पूर्वी नको वाटे, त्यांच्यात राहून त्याने त्यांची सेवा केली आणि त्याची चवच पालटली.

पुढे पडक्या चर्चच्या दुरुस्तीसाठी त्याने वडिलांच्या दुकानातले कापड विकले. वडिलांनी दाद मागितली आणि प्रकरण असिसीच्या बिशपांपुढे गेले. तिथे फ्रान्सिसने पैसे तर परत केलेच, अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांपुढे ठेवले. साल १२०६. हा प्रसंग वैराग्याचे नाट्य म्हणून नेहमी सांगितला जातो. त्याचा व्यवहारी अर्थही पाहायला हवा. मालमत्तेचा वाद होता; एका पक्षाने वादाचा विषयच सोडून दिला आणि खटला तिथेच संपला.

नाणे नको, काम चालेल

फ्रान्सिसभोवती माणसे जमू लागली. त्यातला पहिला बर्नार्द हा गावातला श्रीमंत गृहस्थ. त्याने आपली संपत्ती विकून गरिबांना वाटली. १२०९ मध्ये पोप इनोसंट तिसरा याने या मंडळींच्या राहणीला तोंडी मान्यता दिली. लेखी नियमावली १२२३ मध्ये मंजूर झाली. तिच्यातली आणि त्याआधीच्या १२२१ च्या मसुद्यातली कलमे वाचली, की हे दारिद्र्य किती बारकाईने आखलेले होते ते दिसते.

बंधूंनी हाताने काम करावे. मोबदल्यात भाकरी, कपडा, गरजेची वस्तू घ्यावी. नाणे घेऊ नये. मोबदला मिळाला नाही तर दारोदार भिक्षा मागावी आणि त्याची लाज वाटू देऊ नये. घर, जागा, कोणतीही वस्तू आपली म्हणू नये. गरज किंवा आजारपण नसेल तर घोड्यावर बसू नये. घोडा ही सरदाराची खूण होती.

नाण्यावर एवढा रोष का? भाकरी उद्या शिळी होते, नाणे होत नाही. नाणे साठवता येते, लपवता येते आणि वाढवण्यासाठी दुसऱ्याला बांधून घेता येते. असिसीतल्या नव्या श्रीमंतीचे बळ त्यातच होते आणि तिथल्या भांडणांचे मूळही त्यातच. फ्रान्सिस स्वतः व्यापाऱ्याचा मुलगा असल्याने नाण्याची ताकद त्याला पुस्तकातून कळलेली नव्हती.

जुन्या चरित्रात एक संवाद आहे. काहीच न बाळगता जगणे फार कठीण आहे, असे बिशपांनी म्हटले. त्यावर फ्रान्सिसने उत्तर दिले, की मालमत्ता ठेवली तर ती राखायला शस्त्रे लागतील, कारण तंटे आणि खटले तिथूनच उपजतात आणि देवावरचे व शेजाऱ्यावरचे प्रेम त्यात अडते. या उत्तरात त्याचा सारा विचार आला. मालकी आली की हद्द आली, हद्द आली की राखण आली आणि राखणीला हत्यार किंवा वकील लागतोच. शांतता हवी असेल तर सुरुवात मालकीपाशी करावी लागते.

इथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. हे दारिद्र्य स्वतः निवडलेले होते. परिस्थितीने लादलेल्या गरिबीला फ्रान्सिसने कधी पुण्य मानले नाही. गरजू समोर आला तर अंगावरचा झगा काढून देणे हीच त्याच्याकडची रीत होती. उपाशी माणसाला दारिद्र्याचे गोडवे ऐकवणाऱ्यांना या परंपरेचा आधार घेता येत नाही.

खालच्या पायरीवरची जागा

केवळ वस्तू सोडल्याने काम भागत नाही. सर्वस्व सोडलेल्या माणसाला ‘मी सोडले’ याचाच ताठा चढू शकतो, हे फ्रान्सिसने ओळखले होते. म्हणून दुसरी तजवीज नम्रतेची. तीही त्याने केवळ मनावर सोपवली नाही, नियमांत बसवली.

संघाचे नाव ‘धाकटे बंधू’ ठेवले गेले. असिसीच्या नागरिकांत तेव्हा थोरले आणि धाकटे असे दोन थर होते. १२१० मध्ये त्या दोन थरांत करारही झाला होता. व्यापाऱ्याच्या या मुलाने आपल्या माणसांना कुठे उभे केले, हे त्या नावावरून गावातल्या कोणालाही कळत होते. संघात मठाधिपती हे पद नव्हते. प्रमुखाने सर्वांचा सेवक म्हणून वागायचे होते. दुसऱ्याच्या घरी कामाला गेलेल्या बंधूने मुनीम किंवा मुकादम होऊ नये, असेही कलम होते. कामात हुकूम चालवण्याची जागा आली की ती नाकारायची.

याचा परिणाम असा, की भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना या माणसापासून धोका वाटत नसे. तो जागा बळकावणार नाही, हिस्सा मागणार नाही, निवाड्याचे शुल्क घेणार नाही. उपदेशाचे मोठेपणही त्याला मिरवायचे नाही. अशाच माणसाला दोन्ही घरांचे दार उघडते.

भांडण मिटवण्याची रीत

फ्रान्सिसची म्हणून एक शांतिप्रार्थना जगभर शाळा-चर्चमधून म्हटली जाते. प्रत्यक्षात ती १९१२ मध्ये फ्रान्समधल्या एका छोट्या मासिकात पहिल्यांदा छापली गेली. फ्रान्सिसच्या लेखनात ती नाही. त्याच्या नावावरचे प्रसंग मात्र जुन्या चरित्रांतून आणि समकालीनांच्या नोंदींतून आलेले आहेत, आणि त्यांतून त्याची रीत दिसते.

पहिला प्रसंग मोन्ते कासाले इथल्या दरोडेखोरांचा. जंगलातले लुटारू मठाच्या दारी भाकरी मागायला येत. त्यांना द्यावे की हाकलावे, यावर बंधूंत मतभेद झाले. फ्रान्सिसने सांगितले, की चांगली भाकरी आणि दारू घेऊन जंगलात जा, त्यांना हाक मारा, जमिनीवर कापड अंथरून नम्रपणे वाढा. जेवण झाल्यावर एवढेच मागा, की कोणाला मारणार नाही असे वचन द्या. सगळे एकदम मागितलेत तर ते ऐकणारच नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी काही पदार्थ न्या आणि पुढचे बोला. काहींनी पुढे लुटमार सोडली, असे चरित्र सांगते. आधी वाढायचे, मग मागायचे, आणि मागणे पेलवेल एवढेच ठेवायचे, असा हा क्रम आहे.

दुसरा प्रसंग बोलोन्याचा. १५ ऑगस्ट १२२२ रोजी तिथल्या चौकात फ्रान्सिसचे प्रवचन झाले. तेव्हा तिथे शिकणाऱ्या स्प्लितच्या थॉमसने ते ऐकले आणि नंतर लिहून ठेवले. वक्त्याचा झगा मळका, रूप साधारण. पण सारे बोलणे वैरे विझवण्यावर आणि नव्याने सलोखा करण्यावर होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे रक्तरंजित वैर असलेली सरदार घराणी त्यानंतर समेटाला आली, असे थॉमस नोंदवतो.

तिसरा प्रसंग त्याच्या अखेरच्या आजारपणातला, असिसीतलाच. बिशप आणि नगराधिकारी यांचे बिनसले. बिशपने नगराधिकाऱ्याला धर्मबहिष्कृत केले. उलट नगराधिकाऱ्याने दवंडी पिटवली, की बिशपला कोणी काही विकू नये, त्याच्याकडून काही घेऊ नये. दोघांच्याही हाती आपापले शस्त्र होते आणि मध्ये पडायला कोणी तयार नव्हते. फ्रान्सिस जवळजवळ आंधळा झाला होता, अंथरुणाला खिळला होता. सृष्टीतल्या सूर्य-चंद्र-पाण्याला भाऊबहीण म्हणणारे त्याचे गीत तयार होते. त्यात त्याने क्षमा करणाऱ्यांविषयीचे कडवे नव्याने घातले. मग नगराधिकाऱ्याला बिशपच्या वाड्यावर बोलावणे पाठवले आणि दोन बंधूंना दोघांपुढे ते गायला सांगितले. गाणे ऐकून नगराधिकारी रडला आणि त्याने पहिल्यांदा माफी मागितली. बिशपनेही कबूल केले, की आपल्या पदाला नम्रता शोभते, पण स्वभाव रागीट आहे.

इथे कोणाची बाजू खरी, याचा निवाडा फ्रान्सिसने केलाच नाही. त्याने दोघांना एका छताखाली आणले आणि आधी कोण झुकला याची लाज वाटणार नाही, असा प्रसंग घडवला.

शस्त्र न धरणारे गृहस्थ

सर्वांनाच घरदार सोडता येत नाही. संसारात राहून ही वाट धरणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी १२२१ च्या सुमारास नियम तयार झाले. कर्जे फेडा, गैरमार्गाने घेतलेले परत करा, शेजाऱ्यांशी तंटे मिटवा. सभासद झाल्यावर तीन महिन्यांत मृत्युपत्र करा, म्हणजे मागे भावाभावांत वाद राहणार नाही. कोणाविरुद्धही प्राणघातक शस्त्र धरू नका. मोजके प्रसंग सोडून शपथ घेऊ नका.

शेवटची दोन कलमे राजकीयदृष्ट्या स्फोटक होती. इटलीतल्या नगरांचे सैन्य नागरिकांच्या शपथेवर उभे राही: बोलावले की हत्यार घेऊन हजर होईन, ही ती शपथ. आता काही नागरिक शपथही नाकारू लागले आणि हत्यारही. फाएंझा आणि आसपासच्या नगरांनी त्यांच्यावर सक्ती केली, तेव्हा डिसेंबर १२२१ मध्ये पोप होनोरियस तिसरा याने रिमिनीच्या बिशपला लिहून या गृहस्थांना संरक्षण द्यायला सांगितले. म्हणजे धर्मयुद्धांच्या त्या काळात सामान्य सुतार-विणकरांना लढाई नाकारण्याचा मार्ग मिळाला. पुढे, १२८९ च्या नियमावलीत, चर्चच्या, श्रद्धेच्या आणि आपल्या भूमीच्या रक्षणासाठी शस्त्र धरायला सूट दिली गेली आणि या कलमाची धार कमी झाली.

सुलतानाच्या छावणीत

१२१९ मध्ये पाचव्या धर्मयुद्धाचे सैन्य इजिप्तमधल्या दमिएत्ता शहराला वेढा घालून बसले होते. २९ ऑगस्टच्या लढाईत त्यांचा मोठा पराभव झाला. त्यानंतर वाटाघाटी चालू असताना फ्रान्सिस आणि त्याचा सोबती इलुमिनातो निःशस्त्र होऊन शत्रूच्या हद्दीत गेले. पहारेकऱ्यांनी पकडून त्यांना सुलतान अल-कामिलपुढे उभे केले. हा सलाहुद्दीनचा पुतण्या. तेव्हा छावणीत असलेला बिशप जाक द वित्री लिहितो, की फ्रान्सिसने सुलतानापुढे काही दिवस प्रवचन केले, सुलतानाने ते ऐकून घेतले आणि त्याला सुखरूप परत पाठवले. अग्निपरीक्षेची प्रसिद्ध कथा नंतरच्या चरित्रकारांची आहे.

या भेटीने युद्ध थांबले नाही. नोव्हेंबरमध्ये दमिएत्ता पडले आणि दोन वर्षांनी तेच सैन्य हरून परतले. सुलतानाने ख्रिस्त्यांशी तह केला तो १२२९ मध्ये, सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्याशी, आणि त्यात फ्रान्सिसचा हात नव्हता. मग भेटीचे महत्त्व कशात? परतल्यावर १२२१ मध्ये तयार झालेल्या मसुद्यात मुसलमानांमध्ये राहण्याविषयी एक प्रकरण आहे. तिथे दोन मार्ग दिले आहेत. पहिला असा, की वाद घालू नये, तंटा करू नये, देवासाठी सर्वांच्या खाली राहावे आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढे सांगावे. दुसरा मार्ग उघड प्रचाराचा. पण तो देवाची इच्छा दिसेल तेव्हाच. सारा युरोप तलवारी परजत असताना एका धर्मसंघाने वाद न घालता राहणे हे पहिले काम म्हणून लिहून ठेवले, ही गोष्ट लहान नाही.

घर कोणाचे?

फ्रान्सिस ३ ऑक्टोबर १२२६ रोजी वारला. दोन वर्षांतच त्याला संतपद मिळाले आणि त्याच वर्षी असिसीत त्याच्या नावाच्या भव्य बासिलिकेचे काम सुरू झाले. बंधूंची संख्या हजारोंवर गेली. आता त्यांना झोपायला जागा, शिकायला पुस्तके, आजाऱ्यांना औषधे हवी होती. काहीच आपले नाही असे व्रत घेतलेल्या हजारो माणसांचा कारभार चालवायचा कसा?

उत्तर कायद्यातून काढले गेले. १२३० मध्ये पोप नववा ग्रेगरी याने ठरवले, की वापर वेगळा आणि मालकी वेगळी. १२४५ मध्ये पोप चौथा इनोसंट याने बंधूंच्या वापरातल्या मालमत्तेची मालकी रोमच्या चर्चकडे घेतली. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कर्मचाऱ्यासारखी ही सोय होती. तो तिथे तीस वर्षे राहतो, अंगणात पेरू लावतो, मुलांची लग्ने करतो. पण घर त्याला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, मुलांच्या नावावर करता येत नाही.

गोव्यातल्या सोन्याचे कोडे आता निम्मे सुटते. तिथल्या मिशनांना पोर्तुगीज राजाचा आश्रय होता आणि व्रताप्रमाणे त्यातले काहीही बंधूंचे नव्हते. शिवाय खुद्द फ्रान्सिसने वेदीला वेगळे ठेवले होते. पवित्र भाकरीची पात्रे मौल्यवान असावीत, असे त्याने पत्रांतून कळकळीने लिहिले आहे. अंगाला ठिगळाचा झगा आणि वेदीवर उत्तम पात्र, यात त्याला विसंगती वाटली नव्हती.

उरलेले निम्मे कोडे असे: मालकी कागदावर नसली तरी वापर किती ऐसपैस असावा? क्वार्टर दोन खोल्यांचे की वाडा? आणि ज्या राज्यकर्त्याच्या आश्रयाने चर्च उभे राहते, त्याच्या प्रजेला बंधू अजूनही ‘धाकटे’ वाटतील का? गोव्यात बार्देशाचा प्रदेश फ्रान्सिस्कनांकडे, म्हणजे फ्रान्सिसच्या संघाकडे, सोपवला होता आणि ते तिथे राज्यसत्तेच्या बाजूने उभे होते. दारिद्र्य कायद्याने शाबूत होते. पायरी मात्र बदलली होती.

नम्रता सुटली तेव्हा

वापर किती, या प्रश्नावर संघात दोन तट पडले. जहाल गटाचे म्हणणे, की झगा आखूड आणि फाटका हवा, कोठारे आणि तळघरे नकोत. पोप बाविसावा योहान याने त्यांना वरिष्ठांची आज्ञा पाळण्यास फर्मावले. ज्यांनी ऐकले नाही, त्यांपैकी चार जणांना ७ मे १३१८ रोजी मार्सेय इथे जाळण्यात आले.

प्रकरण तिथे थांबले नाही. १३२२ मध्ये याच पोपने मालकी-वापराची ती जुनी सोयच मोडीत काढली. त्याचा युक्तिवाद रोखठोक होता: खाऊन संपणाऱ्या अंड्याची किंवा चीजची मालकी वेगळी काढून चर्च काय करणार? १३२३ मध्ये त्याने जाहीर केले, की ख्रिस्त आणि त्याच्या शिष्यांकडे काहीच मालकीचे नव्हते असा हट्ट धरणे पाखंड आहे. १३२८ मध्ये संघप्रमुख चेझेनाचा मिखाएल आणि तत्त्वज्ञ ऑकमचा विल्यम तेव्हा पोपचे वास्तव्य असलेल्या आविन्योहून रात्रीतून निसटले आणि पोपच्या वैऱ्याच्या, सम्राट लुडविगच्या, आश्रयाला गेले. पुढची अनेक वर्षे एकमेकांना पाखंडी ठरवणाऱ्या पत्रकांत गेली. भांडण टाळायला स्वीकारलेली गरिबीच भांडणाचा विषय झाली. कोणाची गरिबी खरी, ही मालकी आता पणाला लागली होती.

त्याच वर्षांतला एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. तोलेन्तिनोचा थॉमस हा कडक दारिद्र्याचा पुरस्कर्ता. त्यापायी त्याने स्वतःच्याच संघाचा तुरुंगवास भोगला होता. १३२१ मध्ये कोल्लमला जायला निघालेले त्याचे जहाज ठाण्याला लागले. सोबत पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि जॉर्जियाचा देमेत्रियुस. ते एका स्थानिक नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबात उतरले. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, मारहाण झाली आणि बायकोने काजीकडे फिर्याद नेली. साक्षीदार म्हणून या परदेशी बंधूंचे नाव निघाले. काजीपुढे साक्षीचा विषय बाजूला राहिला आणि धर्माचा वाद जुंपला. प्रेषित महंमदांविषयी काय म्हणता, असे खोदून विचारल्यावर थॉमसने अत्यंत कठोर शब्द वापरले. चौघांनाही प्राण गमवावे लागले. काही वर्षांनी पोर्देनोनेचा ओदोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेला.

चर्च त्यांना हुतात्मे मानते आणि त्यांच्या धैर्याविषयी शंका घ्यायचे कारण नाही. ज्यांनी त्यांना मारले त्यांची क्रूरताही त्यामुळे कमी होत नाही. पण दमिएत्तानंतर लिहिलेला पहिला मार्ग आठवला, तर ठाण्यात तो सुटला होता हे दिसते. घरगुती तंटा मिटवण्याची वेळ आली होती आणि तिथे वादविवाद उभा राहिला. थॉमसकडे वस्तू म्हणावी अशी एकही नव्हती; तरी वाद जिंकण्याचा हक्क त्याने स्वतःपाशी ठेवला होता.

तिसरे उदाहरण पतपेढ्यांचे. १४६२ मध्ये पेरुजात फ्रान्सिस्कनांच्या पुढाकाराने गरिबांना अल्प व्याजात तारणावर कर्ज देणारी संस्था निघाली आणि अशा संस्था इटलीभर पसरल्या. काम गरिबांच्या खरोखर उपयोगाचे होते. पण त्यांच्या प्रचारात काही नामांकित प्रवचनकारांनी ज्यू सावकारांविषयी एवढे विष ओकले, की नगरांमध्ये ज्यूंवर संकटे ओढवली. नाणे गरिबासाठी वापरले गेले, पण शेजाऱ्याला खाली ढकलून.

अहमदनगर आणि पुणे

या परंपरेला महाराष्ट्रात आधुनिक काळात वेगळे रूप मिळाले. कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले आणि ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ काढला. ख्रिस्ताची ओळख इथल्या मातीत पगारी अधिकाऱ्याकडून होणार नाही, असे त्यांना वाटत होते. टिळकांचे चरित्र लिहिणारे इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. पुढे तो पुण्याला आला. खादी, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण, भारतीय आणि युरोपीय सभासदांची एकत्र राहणी, असा तिथला रिवाज होता. पुढे आदिवासींचे अभ्यासक झालेले व्हेरिअर एल्विन १९२७ मध्ये याच संघातर्फे भारतात आले. साहेब राज्य करत असताना साहेबाच्याच जातीच्या माणसाने एतद्देशीयांच्या पंगतीत जमिनीवर बसणे, यात फ्रान्सिसची खालची पायरी पुन्हा दिसते. इंग्लंडमधल्या अँग्लिकन फ्रान्सिस्कन संघाच्या मुळांपैकी एक मूळ याच संघात आहे.

चौकट: थोडक्यात

• दारिद्र्य: राखायचे काही नसले की शस्त्र आणि खटला यांची गरज कमी होते. हे व्रत स्वतः निवडलेले असते; दुसऱ्यावर लादता येत नाही.
• नम्रता: पद, घोडा, हुकूम, मुनीमकी नाकारून खालच्या पायरीवर उभे राहणे. त्यामुळे दोन्ही पक्षांना मध्यस्थाची भीती वाटत नाही.
• शांतता: आधी वाढायचे, मग थोडे मागायचे, दोन्ही पक्षांना एकत्र आणायचे, निवाडा करण्यापेक्षा समेटाची वाट मोकळी करायची.
• मोडण्याची जागा: नम्रता सुटली की गरिबीचाही अभिमान होतो आणि त्या अभिमानासाठी माणसे भांडतात.

मग मालकी सोडली की भांडण सुटते का? इतिहासाचे उत्तर असे, की वस्तूंची मालकी सोडणे हा पहिला आणि सोपा टप्पा आहे. ‘माझेच खरे’, ‘माझाच त्याग मोठा’ या मालकीवर फ्रान्सिसच्या संघातली मोठी भांडणे झाली, आणि ती शेतीच्या बांधावरच्या भांडणांपेक्षा कमी क्रूर नव्हती. समेट तिथेच टिकला, जिथे मध्यस्थाने धनाबरोबर शेवटचा शब्दही सोडला. त्यासाठी घरदार सोडायची गरज नाही. भावकीच्या वाटणीत, सोसायटीच्या सभेत किंवा गावच्या तंट्यात मध्ये पडताना आधी स्वतःला एवढे विचारावे: हे मिटले तर श्रेय मला हवे आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्या भांडणात अजून एक पक्ष वाढला आहे.